पानाच्या डब्यातली तिकिटं

२०२३ च्या दिवाळीच्या आगेमागे मराठवाड्यात घरोघर ट्रंका उघडल्या जात होत्या. कुणबी नोंद पाहिजे होती. ज्यांनी जन्मात कधी आजोबाच्या कागदाला हात लावला नव्हता, ते मोडी वाचणाऱ्याच्या ओट्यावर जाऊन बसत होते, आणि उर्दू वाचणाऱ्याची भेट तर डॉक्टरच्या अपॉइंटमेंटपेक्षा अवघड झाली होती. आमचा दादाही त्याच नादात जिंतूर तालुक्यातल्या आमच्या गावी गेला आणि माळवदाच्या घरातून बापूंची ट्रंक उचलून परभणीला घेऊन आला. नोंद काही तीत निघाली नाही. ती पुढं भावकीतल्या दुसऱ्याच घरी निघाली, आणि त्यावरून जे रामायण झालं ते वेगळं. ट्रंकेत निघाला एक पानाचा पितळी डबा. डब्यात पान नाही, सुपारी नाही. तिकिटं.

"हे तू ठेव," दादा म्हणाला. "तसंबी दिवसभर तिकिटंच चिकटवतीस तू."

मी पतसंस्थेत कॅशियर आहे. रेव्हेन्यू तिकीट लावून त्यावर आडवी सही घ्यायची, हे माझं रोजचं काम. त्यामुळं पोस्टात न चालणारं तिकीट मला नवं नव्हतं. पण या डब्यातल्या निम्म्या तुकड्यांवर उर्दू होती, काहींवर चित्र होतं पण किंमत नव्हती, आणि बऱ्याच तुकड्यांना मधोमध गोल भोक होतं. सगळ्यांना काथाचा वास. मोजले तर एक्केचाळीस भरले.

बापू म्हणजे माझे आजोबा, निजामाच्या राज्यात एका वकिलाकडं कारकून होते. शिक्षण उर्दूतून झालेलं. हिशेब उर्दूत, पोथी मराठीत, आणि शिव्या दोन्हीत. ते गेले तेव्हा मी सात वर्षांची होते, म्हणजे विचारायचं कुणाला हा प्रश्नच.

पहिल्या रविवारी मी एक चूक केली. चूक आहे हे तेव्हा कळलं नाही, उलट फार हुशारी केल्यासारखं वाटत होतं. तिकीट जमवणारे तिकीट कागदावरून कसं काढतात त्याचा व्हिडिओ पाहिला, स्टीलच्या वाटीत कोमट पाणी घेतलं आणि ज्या ज्या तुकड्यांमागं कागद चिकटलेला होता ते सगळे त्यात सोडले. दहा-बारा मिनिटांत कागद सुटून पाण्यावर गोल गोल फिरायला लागले. एका तुकड्यापाशी पाणी जांभळं झालं. झर्रकन, शाईचा थेंब पडावा तसं. मला वाटलं तिकिटाचाच रंग जातोय. महसुली तिकिटं पुष्कळदा मुद्दाम विरघळणाऱ्या शाईत छापतात, म्हणजे कुणी धुऊन पुन्हा वापरू नये. एवढं मला ठाऊक होतं, आणि अर्धवट ठाऊक असलेलंच माणसाला नडतं. मी घाईनं ते तिकीट चिमट्यानं उचललं आणि टीपकागदावर ठेवलं. त्याचा रंग होता तसाच होता. बाकीचे कागद एका बशीत वाळत घातले, फेकून द्यावेत म्हणून. फेकले नाहीत ते केवळ त्या रात्री पाहुणे आले म्हणून.

मग वेचायला बसले. आधी खरी पोस्टाची बाजूला काढली. हैदराबाद संस्थानाचं टपाल स्वतंत्र होतं, १८६९ पासून त्यांची स्वतःची तिकिटं होती, आणि ती ओळखायला तशी सोपी, कारण किंमत एका भाषेत लिहून निजामाचं भागत नसे. उर्दू आहे, इंग्रजी आहे, शिवाय तेलुगू आणि आपली मराठी. भिंग लावून कोपऱ्यातली ती इवलीशी देवनागरी वाचताना मला उगीचच भरून आलं. १९३१ च्या मालिकेत चारमिनार आहे, तसं अजिंठ्याच्या लेण्यांचं प्रवेशद्वार आहे आणि दौलताबादचा मिनारसुद्धा आहे. आमच्या डब्यात अजिंठा नव्हतं, दौलताबाद नव्हतं. बापूंची पत्रं स्वस्तातली असणार. चारमिनार निघाले, तेही तीन.

पोस्टाची म्हणून सहा काढली आणि त्यातलं एक परत बाहेर काढावं लागलं. त्यावर इंग्रजीत पोस्ट अँड रिसीट असं लिहिलेलं. संस्थानानं काही तिकिटं दोन्ही कामांना चालतील अशी काढली होती, पत्राला लावा नाही तर पावतीला. मग हे कोणत्या जातीचं म्हणायचं? तिकीट एकच, त्यानं नोकरी कुठं केली ते बघायचं. पोस्टातून गेलं असेल तर गोल शिक्क्याचा तुकडा अंगावर असतो. पावतीवर बसलं असेल तर शाईची सही आरपार गेलेली असते, तिकिटाच्या एका कडेवरून चढून दुसऱ्या कडेनं उतरलेली, आणि सहीचा पुढचा भाग खालच्या कागदावर राहिलेला. माझ्या काउंटरवर मी रोज हेच सांगते, "मावशी, सही अर्धी तिकिटावर, अर्धी कागदावर." या तिकिटावरही एका सहीचं पोट होतं, डोकं आणि शेपूट नाही. त्याचा जोडीदार ट्रंकेतल्या पावतीवर सापडला: पस्तीस रुपये, हाली, म्हणजे निजामाच्या चलनातले. सात हालीला सहा कलदार हा ढोबळ भाव, म्हणजे इंग्रजी हद्दीत त्याचे तीस. पावतीवर तिकिटाच्या आकाराची फिकी चौकट होती, आणि चौकटीबाहेर सहीचं शेपूट. मी तिकीट त्या चौकटीवर ठेवलं तर रेघेला रेघ जुळली. एवढा आनंद मला कॅश टॅली झाल्यावरही होत नाही.

पोस्टाची नसलेल्या तिकिटांना जमवणारे लोक सिंड्रेला म्हणतात. सावत्र लेक. नेहमीच्या कॅटलॉगात त्यांना जागा नाही, त्यामुळं चित्र जुळवून नाव सापडेल ही आशा सोडावी लागते. लेकीनं मोबाईलवर फोटो काढून शोधून पाहिलं, तर फोननं आम्हाला इराण, तुर्कस्तान फिरवून आणलं आणि शेवटी एकाला औषधाच्या बाटलीचं लेबल ठरवलं.

भोकाच्या तिकिटांचं कोडं सुटलं ते आमच्या गल्लीतल्या सरांमुळं. उर्दू शाळेतून निवृत्त झालेले, वय अठ्ठ्याहत्तर, नोंदी वाचून वाचून त्या दिवसांत घसा बसलेला. तरी "आजाव बेटा" म्हणून खुर्ची दिली. भोकाची तिकिटं मी उंदरानं नाही तर कसरीनं खाल्ली असं धरून चालले होते. सरांनी एक तिकीट उजेडासमोर धरलं. "कसर इतकी गोल खाते का?"

कोर्ट फी. अर्जाला, दाव्याला लावायचं तिकीट. ते एकदा वापरलं की पुन्हा वापरता येऊ नये म्हणून कोर्टातला माणूस पंचनं भोक पाडतो. इंग्रजी हद्दीतल्या १८७० च्या कोर्ट फी कायद्यात, ३० व्या कलमात, हे स्वच्छ लिहिलेलंच आहे: तिकिटावरचं मुंडकं पंचनं काढायचं, पण रकमेला धक्का लागू द्यायचा नाही, आणि पडलेली टिकली जाळून किंवा इतर रीतीनं नष्ट करायची. निजामाचे कायदे वेगळे, पण पंच तोच असावा, कारण आमच्या प्रत्येक तुकड्याला भोक मधोमध होतं आणि किंमत शाबूत. म्हणजे भोक हीच ओळख. पोस्टाच्या तिकिटाला शिक्का बसतो, पावतीच्या तिकिटावर सही होते, कोर्टाच्या तिकिटाला भोक पडतं. हे कळल्यावर एका दमात चौदा तुकड्यांचा निकाल लागला.

त्यातल्या एकानं मात्र माझी फजिती केली. त्यावर इंग्रजी अक्षर नव्हतं, नुसती उर्दू. आकड्यांचा तक्ता मी नेटवरून उतरवून पाठ केला होता, म्हणून सरांपुढं मोठ्या तोऱ्यात ते तिकीट ठेवलं. "सर, हे सात आण्याचं आहे. सात आण्याचं तिकीट कुणी कशाला काढेल? दुर्मिळ असणार."

सरांनी काही न बोलता ते बोटानं फिरवलं. वरची बाजू खाली.

"उलटा पकडी तू, बेटा. आठ आने."

उर्दूतला सात म्हणजे वर उघडलेली दोन रेघांची चोच, आणि आठ म्हणजे तीच चोच खाली केलेली. सरांनी टेबलावर बोटानं काढून दाखवलं. "सातात पाणी राहतं, आठातून गळून जातं. पोरांना असंच शिकवायचो."

कागदावर चिकटलेलं असतं तर उलटं धरलं गेलं नसतं, हे त्या वेळी माझ्या डोक्यात आलं, पण पुढं गेलं नाही. सरांनी ट्रंकेतला एक अर्जही वाचून दिला. तारीख बहमन महिन्याची, साल १३५१ फसली. निजामाच्या कचेरीत फसली साल चाले आणि ते ऑक्टोबरात आजर महिन्यापासून सुरू होई. बहमन तिसरा महिना. फसलीत ५९० मिळवले की इंग्रजी साल, पण वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांपुरतंच, नव्या जानेवारीनंतर ५९१. म्हणजे हा अर्ज १९४१ च्या डिसेंबरच्या सुमाराचा. अर्ज होता अव्वल तालुकदाराकडं, आजच्या भाषेत कलेक्टरकडं, आणि विषय काय, तर शेजाऱ्याच्या बैलानं कडबा खाल्ला. बापूंचं अक्षर मोत्यासारखं होतं, असं सर म्हणाले. मला ते वाचता येत नाही, पण दिसत होतं.

बाकीचे काही झटपट सुटले. चार-पाच काडेपेटीची लेबलं निघाली. एक मोठं, सोनेरी कडांचं, लक्ष्मीचं चित्र असलेलं, ते मँचेस्टरच्या कापडाच्या ठाणावर चिकटवत असत त्या जातीचं. ते आईनं लगेच देवघरात नेलं, माझ्या संग्रहातून कायमचं गेलं.

लाल दोन आडव्या दांड्यांचा क्रूस असलेल्या दोन तिकिटांनी जरा दमवलं. मला वाटलं मिशन हॉस्पिटलचं काहीतरी असावं. ते बघून काकूच हसायला लागल्या. "अगं, टीबीचं तिकीट! शाळेत गुरुजी गळ्यात मारायचे." गांधी जयंतीला क्षयरोगाच्या मदतीची ही सीलं निघत, पोरांनी घरोघर खपवायची. कल्पना मूळ डेन्मार्कमधल्या एका पोस्टातल्या कारकुनाची, १९०४ च्या नाताळची. पत्राला पोस्टाच्या तिकिटाशेजारी एक जास्तीचं लावायचं, त्याचे पैसे आजाऱ्यांना. दुहेरी दांड्यांचा क्रूस ही क्षयविरोधी मोहिमेची जगभरची खूण, १९०२ साली बर्लिनच्या परिषदेत ठरलेली. काकूंची सीलं खपली नव्हती. "बापूंनीच घेतली सगळी, आणि मग बोलले मला."

आणखी एक निघालं ते कुटुंब नियोजनाचं पाच पैशांचं, आईबाप आणि दोन लेकरं, वर मात्र काळ्या शाईत शरणार्थी सहायता असं छापलेलं. हे नशिबानं पाकिटासकट होतं. १५ नोव्हेंबर १९७१ पासून टपालावर पाच पैसे जादा घेत होते, बांगलादेशच्या निर्वासितांसाठी. ३१ मार्च १९७३ ला ते थांबलं. त्या तिकिटानं पत्र पोचत नसे, पोस्टाचं तिकीट वेगळं लावावंच लागे. पोस्टाच्या तिकिटाच्या चेहऱ्याचं, आणि तरी पोस्टाचं नव्हे. सुरुवातीला छापील साठा पुरला नाही तेव्हा ठिकठिकाणच्या पोस्टांनी रबरी शिक्के मारून वेळ भागवली, पण आमच्यावरचं छपाईचंच दिसतं, रेघा एकसारख्या आहेत. पाकिटात आजीच्या भावाचं पत्र, बहात्तर सालचं. पाऊस नाही, दोन्ही पोरं खडी फोडायला जातात, मिलोच्या भाकरी गळ्याखाली उतरत नाहीत. आणि त्याच पाकिटावर पाच पैसे निर्वासितांना. त्या मामानं कुरकूर केलेली नाही, निदान पत्रात तरी.

आता राहिलं एक. तेच, ज्याच्यापाशी पाणी जांभळं झालं होतं.

काडेपेटीएवढं, पांढुरक्या कागदाचं, दाते नाहीत, कात्रीनं नाही तर पत्र्याच्या पट्टीवर फाडलेलं. वर तीन इंग्रजी अक्षरं, एन. एस. आर. मध्ये तांबड्या शाईत चार आकडी नंबर. खाली उर्दूत एकच शब्द. किंमत नाही. मी त्याचा निजाम सरकार रेव्हेन्यू असा अर्थ लावून टाकला होता आणि दादाला तसं फोनवर सांगूनही झालं होतं. सरांनी उर्दू शब्द वाचला: पार्सल.

मग उजेड पडला. निजाम्स स्टेट रेल्वे. आमची मनमाड-सिकंदराबाद लाईन, औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड सगळी तिच्याच पोटातली. आधी ती गॅरंटीड कंपनीची होती, तेव्हा नावात जी असे. १९३० मध्ये संस्थानानं ती ताब्यात घेतली आणि जी गेला. ५ नोव्हेंबर १९५१ ला ती मध्य रेल्वेत गेली आणि नावातला निजामही गेला. म्हणजे एका नसलेल्या अक्षरावरून लेबल त्या वीस-एकवीस वर्षांतलं ठरलं. मी तिथंच थांबले असते, खूशही झाले असते. पण सर म्हणाले, "रेल का हैच, ये कैसे?"

कारण १९३२ च्या जूनमध्ये त्याच रेल्वे खात्यानं मोटारीही सुरू केल्या होत्या, सत्तावीस बसगाड्यांनी. आणि जिंतूरला रेल्वे आजही नाही. बापूंकडं आलेलं पार्सल रेल्वेनं सेलूला उतरलं आणि बैलगाडीनं पुढं आलं, की मोटारीनं थेट जिंतुरात? काका चौऱ्याऐंशीचे. त्यांना विचारलं तर म्हणाले, "मोटार येत होती की. कोळशाची. चढावर माणसं उतरून ढकलायची. पण बापू पार्सल कशाला मागवतील? पानंसुद्धा उधार आणायचे." थोडं थांबून म्हणाले, "ते डब्यातलं आमचंय. आम्ही दुकान-दुकान खेळायचो. वकिलाच्या रद्दीतून तिकिटं फाडून आणायचो, त्याच्या नोटा करायच्या. भोकाची नोट खोटी म्हणून कुणी घेत नव्हतं."

म्हणजे पार्सल बापूंचंच असं नव्हे, वकिलाचंही असेल. अशा वेळी लेबल काही बोलत नाही. बोलतो तो त्याच्याखालचा कागद, आणि तो मी वाटीत धुतला होता. जांभळा रंग लेबलाचा नव्हताच. काकांनी एका वाक्यात सांगितलं, "कापिंग पेन्सिल." जुने बुकिंग क्लार्क त्या पेन्सिलीनं लिहायचे, कोरडी असताना करडी दिसते, पाणी लागलं की जांभळी होऊन पसरते. कुणीतरी त्या तपकिरी कागदावर गावाचं नाव लिहिलं होतं, आणि ते माझ्या डोळ्यांदेखत पाण्यात गेलं होतं.

बशीतले वाळलेले तुकडे अजून होते. त्यातला तपकिरी, रुपयाएवढा, चारी बाजूंनी फाटलेला तुकडा मी दुसऱ्या दिवशी पर्समध्ये टाकून पतसंस्थेत नेला आणि जेवणाच्या सुट्टीत नोटा तपासायच्या मशीनच्या जांभळ्या दिव्याखाली धरला. शिपाई विचारायला लागला, "ताई, कितीची आहे?" नुसत्या डोळ्यांना कोरा दिसणाऱ्या त्या कागदावर एक आडवी रेघ उमटली, पुसट, केसाएवढी. आणि रेघेच्या एका अंगाला लागून दोन ठिपके.

फोटो काढून संध्याकाळी सरांकडं. त्यांनी चष्मा काढला, फोन डोळ्यांजवळ नेला, बराच वेळ बघितलं. मग मूळ तुकडाच मागितला आणि टेबलावर ठेवला.

"दोन नुक्ते रेघेच्या वर असले तर ‘ते’ हे अक्षर. जिंतूरमधला ते." त्यांनी तुकडा बोटानं अर्धा फिरवला. "खाली असले तर ये. सेलूतला ये."

मी बघत राहिले. त्यांनी पुन्हा फिरवला. जिंतूर. पुन्हा. सेलू.

"काढताना याची वरची बाजू कोणती होती, बेटा?"

वाटीत तो गोल गोल फिरत होता, एवढंच मला आठवत होतं.